रेशीम आणि जरीत आपट्याचं झाड: पहिल्यांदाच भरणाऱ्यांसाठी

रेशमाने झाड भरायचं ठरलं की नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो, "हिरव्याच्या किती छटा घेऊ?" तीन पुरतात. सुती दोऱ्याने भरताना उजेड-सावली दाखवायला छटा बदलत राहाव्या लागतात. रेशमात तेच काम टाक्याची दिशा करते. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्याला सपाट कडा असतात आणि त्या प्रकाश एका बाजूला परतवतात. त्यामुळे एकाच लडीतला धागा डावीकडे कलता घातला तर उजळ दिसतो आणि उजवीकडे कलता घातला तर दोन छटा गडद दिसतो. रिंग फिरवली की उलट होतं. जरीला तर स्वतःचा रंग असा फारसा नसतोच, ती पडलेला उजेड परत करते. म्हणून हे झाड भरताना रंगांच्या आधी उजेडाचा विचार करायचा. पहिला निर्णयही त्याचाच घ्या: चित्र घरात कुठे लावणार आणि तिथे खिडकीचा उजेड कोणत्या बाजूने येतो? मी पुढे सगळीकडे उजेड डावीकडून धरला आहे. तुमच्या भिंतीवर उजवीकडून येत असेल तर डावं-उजवं बदलून वाचा.

झाड आपट्याचं निवडलं आहे. दसऱ्याला ज्याची पानं आपण सोनं म्हणून देतो, त्याला जरीत भरायला निमित्त लागत नाही. पण नवशिक्यासाठी ते सोयीचंही आहे. आपट्याचं खोड वेडंवाकडं, साल काळपट आणि उभ्या भेगांची, फांद्या टोकाकडे खाली झुकलेल्या. रेघ जरा हलली तरी झाडाला शोभते. आणि पान दोन पाळ्यांचं, मधोमध शीर. दोन पाळ्या दोन दिशांनी भरल्या की एकाच धाग्यात उजेड-सावली मिळते. चित्र काढण्याआधी खरं पान हातात घेऊन बघा. बाजारात दसऱ्याला कांचनाची पानं आपटा म्हणून सर्रास विकली जातात. ती मोठी असतात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, मागून करडसर आणि लवदार.

सामान

रेशीम: हिरव्याच्या तीन लडी (गडद, शेवाळी, पोपटी), तपकिरीच्या तीन (काळपट, मध्यम, फिका करडा) आणि जरीच्या रंगाशी जुळणारी एक पिवळी. दुकानात 'सिल्क थ्रेड' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर असतं. जळवून बघा. बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवायचा: खरं रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि उरलेला काळा गोळा बोटाने चुरडला जातो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही. सहा पदरी सुती लडी सरावाला उत्तम आहेत, पण दिशेचा जो परिणाम आपल्याला हवाय तो त्यांत फार फिका पडतो.

जर: दोन प्रकारची लागेल. एक जाड कलाबतू, म्हणजे आतल्या दोऱ्यावर धातूची चपटी तार गुंडाळलेला धागा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. दुसरा त्याच प्रकारचा, पण बारीक. आपल्याकडची बहुतेक जर सुरतेहून येते. अस्सल जरीत रेशमावर चांदीची तार आणि तिला सोन्याचा मुलामा असतो, नकली जरीत तांब्याची तार असते आणि सर्वांत स्वस्त जर प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची. पहिल्या कामाला तांब्याची पुरे. प्लास्टिकची घेऊ नका. ती वळवावी तिथे वळत नाही, उसळून वर येते, आणि त्यात हात बसत नाही. विकत घेताना टोक नखाने हलकं उलगडून बघा. गुंडाळी लगेच सुटून आतला दोरा उघडा पडत असेल तर तो धागा वळणांवर त्रास देणार.

कापड: मोतिया रंगाचं रॉ सिल्क आणि त्याच्या मागे लावायला मांजरपाट. गडद कापडावर सोनं जास्त खुलतं हे खरं, पण पहिल्या वेळी रेघाच दिसल्या नाहीत तर काय भरणार? आपली जर काळपट खोडाला लागून बसणार आहे, त्यामुळे फिक्या कापडावरही ती हरवत नाही.

बाकी: आठ इंची लाकडी रिंग, ९ आणि १० नंबरच्या भरतकामाच्या सुया, मोठ्या नेढ्याची एक जाड सुई, मेणाचा खडा (मधमाश्यांच्या मेणाचा, मेणबत्तीचा नाही), टोकदार चिमटा, जरीसाठी एक वेगळी जुनी कात्री आणि एक दाभण. जर कापली की कात्रीची धार जाते, म्हणून वेगळी. दाभणाचं काम पुढे येईलच. मुंबईत भुलेश्वरला आणि पुण्यात रविवार पेठेत यातलं बहुतेक सामान मिळतं.

हात आणि रिंग

रेशमाचा शत्रू खरखरीत बोट. नखाची एक कड वर आलेली असली तरी तंतू अडकून धागा पिंजतो. बसण्याआधी चमचाभर साखर आणि थेंबभर खोबरेल तळहातांवर चोळा, मग साबणाने स्वच्छ धुऊन कोरडे करा. तेलाचा अंशही राहता कामा नये. अंगठ्या आणि खड्याच्या बांगड्या काढून ठेवा.

रिंगच्या आतल्या कड्याला सुती नाडी घट्ट गुंडाळून टाका, त्याने रेशमी कापड सरकत नाही आणि वळ कमी पडतात. मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्या. मग दोन्ही कापडांचे उभे-आडवे धागे जुळवून, एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घाला आणि रिंगमध्ये ताणा. चित्र पूर्णपणे रिंगच्या आत बसलं पाहिजे, कारण भरलेल्या जरीवर रिंग चढवली की ती चेपते आणि पुन्हा उठत नाही. म्हणून झाडाची उंची १२ सेंटिमीटरच ठेवू. जर लावायला सुरुवात होईपर्यंत रोज काम संपल्यावर रिंग सैल करा. पुढे मात्र ताण सोडायचा नाही.

चित्र उतरवणं

रेशमावर कार्बन पेपर नको, डाग राहतो. इस्त्रीने पुसणारी पेनंही नकोत. त्यांची रेघ थंडीत परत उमटते. पातळ टिश्यू पेपरवर चित्र काढा, कागद कापडावर टाचा आणि सगळ्या रेघांवरून बारीक धावदोरा घाला. मग सुईच्या टोकाने कागद फाडून काढा. भरत जाल तसा धावदोरा उसवत जायचा.

चित्रात काय हवं? बुंध्याची रुंदी १४ मिलिमीटर. डावीकडे दोन मोठ्या फांद्या, उजवीकडे दोन, आणि एक शेंडा. पान ९ मिलिमीटर रुंद. खऱ्या प्रमाणात ते टाचणीच्या टोकाएवढं होईल, पण आपल्या लघुचित्रांतले चितारी एकेक पान सुटं दाखवत, तीच मोकळीक आपण घेऊ. चाळीसेक पानं पुरे. फांद्यांमध्ये मोकळी जागा राहू द्या. पानांनी गच्च भरलेलं झाड लांबून हिरवा गोळा दिसतं.

खोडाचा नकाशा नीट समजून घ्या, कारण सगळी मांडणी त्यावर आहे. जरीच्या पाच जोड्या मुळापासून निघतील आणि प्रत्येक जोडी एकेका फांदीत जाईल. पाच फांद्या, पाच जोड्या. झाडाच्या कोणत्याही उंचीवर सगळ्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती खोडाएवढी भरते, असं लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवलं होतं. जोड्या एकेक करून निघून गेल्या की खोड आपोआप निमुळतं होत जातं, तेही पटण्यासारखं. बुंध्याशी प्रत्येक जोडीला एक मिलिमीटरची मोकळी पट्टी ठेवायची, म्हणजे पाच मिलिमीटर. उरलेल्या नऊ मिलिमीटरमध्ये रेशमाच्या सहा पट्ट्या, दीड दीड मिलिमीटरच्या.

खोड: रेशीम

धागा हातभर लांब घेऊ नका, ४० सेंटिमीटर पुरे. लांब धागा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन पिंजतो आणि चमक जाते. लडीतले पदर एकेक करून सुटे करा आणि मग दोन पदर पुन्हा एकत्र ओवा. न सोडवता तसेच घेतले तर ते एकमेकांवर पिळून बसतात. गाठ मारायची नाही. जिथे पुढे भराव येणार आहे तिथे दोन बारीक टाके घालून धागा अडकवा.

पट्ट्या स्टेम स्टिचने भरायच्या, म्हणजे प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या मध्यापासून, त्याला खेटून पुढे न्यायचा. प्रत्येक पट्टीत दोन ओळी, मुळाकडून वर. सगळ्यांत डावीकडच्या दोन पट्ट्या फिक्या करड्या, मधल्या दोन मध्यम, उजवीकडच्या दोन काळपट. टाके सरसकट सारखे नकोत. सालीच्या भेगा दिसायला मधूनच एखादा टाका लांब, पुढचा आखूड घाला. फांदी वळते तिथे टाके लहान करा, नाहीतर वळणाला कोपरे येतात.

प्रत्येक टाका ओढताना धाग्याखाली दाभण आडवं धरा आणि धागा त्यावरून सरकवत खाली बसवा. दोन्ही पदर शेजारी शेजारी सपाट बसतात, पीळ राहत नाही. महागड्या लेइंग टूलचं कामही हेच. सुरुवातीला हात अवघडतो, दोन-चार फांद्यांनंतर हे आपोआप व्हायला लागतं. रेशमाची चमक यावरच टिकून आहे, तेव्हा ही पायरी गाळू नका.

पान: एक धागा, दोन दिशा

आता एकाच पानावर थांबू. बाकीची एकोणचाळीस त्याच्यासारखीच.

एकच पदर घ्या. आधी पानाच्या बाहेरच्या कडेने बारीक स्प्लिट स्टिच घाला, म्हणजे प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्याला मधोमध चिरून वर काढायचा. ही कड नंतर झाकली जाते, पण तिच्यामुळे भरावाचा काठ धारदार येतो. मग डावी पाळी. पाळीच्या टोकापासून सुरू करा: सुई कडेच्या बाहेरून वर आणि मधल्या शिरेकडे तिरकी खाली, साधारण ४५ अंशांत. हा पहिला टाका म्हणजे दिशादर्शक. त्याला समांतर असे शेजारी शेजारी टाके घालत पाळीची एक बाजू भरा, मग पुन्हा मध्यावर येऊन दुसरी बाजू. कडेपासून सुरुवात केली तर टाके हळूहळू कलत जातात आणि पाळीच्या शेवटी दिशा भलतीच होते. मध्यापासून दोन्हीकडे गेलं की चूक निम्मी होते.

उजवी पाळी त्याच धाग्याने, पण आरशात बघितल्यासारखी उलट दिशेने. दोन्हींच्या मध्ये एका पदराएवढी फट सोडा. ती फट म्हणजेच पानाची शीर, तिथे वेगळा टाका घालू नका. पान झालं की रिंग खिडकीपाशी धरून हळूहळू फिरवा. एक पाळी उजळेल, दुसरी विझेल, मग अदलाबदल होईल. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तीन छटा का पुरतात ते वेगळं सांगायला नको.

छटा वाटायच्या त्या अशा: फांद्यांच्या मागे आणि खाली जाणारी पानं गडद, बहुतेक शेवाळी, आणि डाव्या वरच्या बाजूला व शेंड्याशी थोडी पोपटी. सगळी पानं समोरून दाखवू नका. काही मिटलेली, एकच पाळी दिसणारी असू द्यात. झुकलेल्या फांदीवर ती उठून दिसतात आणि भरायलाही निम्मा वेळ लागतो. शेंड्याची पाच-सहा पानं आणि बुंध्याशी गळून पडलेली दोन-तीन आत्ता फक्त रेशमाने भरून ठेवा, त्यांना सोन्याची कड येणार आहे.

सोनं

रेशमाचं सगळं काम संपल्याशिवाय जर हातात घ्यायची नाही. जरीवर रेशमाचा धागा घासला तर दोन्ही खराब होतात.

कलाबतू सुईत ओवून कापडातून काढत नाहीत. कापड तिची गुंडाळी सोलून काढतं. ती कापडावर ठेवायची आणि वरून रेशमाच्या बारीक टाक्यांनी टाचायची. यालाच कौचिंग म्हणतात, आणि जरदोजी कारागीरही जरीचा धागा असाच वरून टाचतात. ही रीत किती जुनी आणि किती टिकाऊ, हे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या एका पाद्र्याच्या झग्यावर दिसतं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लाल रेशमी कापडावर रेशीम आणि सोन्या-चांदीच्या धाग्यांनी भरलेला तो येशूचा वंशवृक्ष आहे: खाली आडवा झोपलेला त्याचा पूर्वज जेसी आणि त्याच्यातून वर निघालेली वेल. त्यातला सोन्याचा धागाही वरच्या वर राहतो, फक्त धरून ठेवणारा दोरा त्याला किंचित मागे ओढून घेतो. ती रीत अवघड आहे, आपण साधी घेऊ.

टाचायला पिवळ्या रेशमाचा एक पदर घ्या, मेणाच्या खड्यावरून एकदा-दोनदा ओढा आणि बोटांच्या चिमटीतून निपटून जादा मेण काढा. मेणामुळे जरीच्या धातूवर घासून तो तुटत नाही. कलाबतूची जोडी फांदीच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे तीन तीन सेंटिमीटर जास्त कापा. कापलेल्या टोकांना लगेच मेण चोळा, गुंडाळी सुटत नाही.

सर्वांत आधी डावीकडची बाहेरची जोडी लावा. मुळाशी तीन सेंटिमीटर टोक मोकळं सोडून जोडी पट्टीत ठेवा. डाव्या हाताने ती किंचित ताणून धरायची आणि उजव्या हाताने आडवा टाका घालायचा: सुई जोडीच्या एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने सरळ खाली. टाका जरीला काटकोनात हवा. दोन टाक्यांत तीन ते चार मिलिमीटर अंतर ठेवा. टाका इतकाच ओढा की जोडी जागेवर बसेल. जास्त ओढला तर जरीला कंबर पडते, आणि ती लांबूनही दिसते. वळणावर टाके दोन मिलिमीटरवर आणा. शेजारची जोडी टाचताना तिचे टाके आधीच्या जोडीच्या दोन टाक्यांच्या मधोमध यावेत, विटांच्या बांधकामात सांधे येतात तसे. एका रेषेत आले तर सोन्यावर आडवे पट्टे उमटतात.

जोडी खोडातून फांदीत वळते, तशीच पुढे टोकापर्यंत न्या. टोकाकडे पोहोचताना एक धागा अर्धा सेंटिमीटर आधी थांबवा आणि दुसरा एकटाच पुढे जाऊ द्या. फांदी निमुळती होते. मग याच क्रमाने डावीकडची दुसरी, उजवीकडच्या दोन्ही आणि शेवटी मधली, शेंड्याला जाणारी.

सावलीच्या बाजूला आणखी एक गोष्ट करता येते. उजवीकडच्या दोन जोड्या टाचताना पिवळ्याऐवजी काळपट तपकिरी पदर घ्या आणि टाके दीड मिलिमीटरवर आणा. सोनं झाकोळतं, पण विझत नाही. पंधराव्या शतकात फ्लँडर्सकडच्या (आजच्या बेल्जियमच्या बाजूच्या) कारागिरांनी या युक्तीवर कपड्यांच्या चुण्यांसकट प्रसंग भरले. टाके दाट की विरळ, एवढ्यावर सगळी छटा. मला विचाराल तर या झाडात सर्वांत समाधान देणारं काम हेच आहे. वेळ काढून करा.

टोकं मागे न्यायची असतात, ती सगळी जर लावून झाल्यावर. मोठ्या नेढ्याची सुई जिथे जर संपते बरोबर तिथे अर्धी टोचा, टोक नेढ्यात घाला आणि सुई झटक्यात मागे ओढा. दोन्ही धागे एकदम नेऊ नका, एकेक न्या, आणि शेजारच्या भोकातून न्या. टोक आखूड राहिलं असेल तर सुईत मजबूत दोऱ्याचा फास ओवून त्यात टोक अडकवा. मागच्या बाजूला टोकं जरीच्याच दिशेने वळवून मांजरपाटाला दोन-तीन टाक्यांनी बांधा आणि मग एक सेंटिमीटरवर कापा. मुळाशी दहा टोकं एकत्र येतात. सगळी एका जागी वळवलीत तर पुढून उंचवटा दिसतो, म्हणून थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे पांगवा.

आता पानांची कड, बारीक कलाबतूच्या एकेरी धाग्याने. देठापासून सुरू करून पानाभोवती फिरायचं. दोन पाळ्यांच्या मधल्या खाचेत धागा गोल वळू देऊ नका, नाहीतर आपटा बदामासारखा दिसायला लागतो. खाचेच्या नेमक्या टोकावर एक टाका घाला, चिमट्याने धागा त्या टाक्यापाशी दाबून मोडा आणि मग वर वळवा. पूर्ण पान सोन्याने भरायचा मोह होईल. आवरा. चाळीस पानांत सात-आठ सोनेरी कडा असल्या की नजर त्यांच्याकडे आपोआप जाते. सगळीकडे चमक असली की ती कुठेच थांबत नाही.

जमीन दाखवायला बुंध्याखाली करड्या रेशमाचे विरळ आडवे धावदोरे पुरेत, पण तेही जर लावण्याआधीच घालून ठेवा.

चौकटीत बसवणं

रोज तासभर बसलात तर इथवर यायला महिना-दीड महिना धरा. काम धुवायचं नाही, गडद रेशमाचा रंग उतरू शकतो. जरीवर इस्त्री तर अजिबात नाही. कडेच्या मोकळ्या कापडाला उलट्या बाजूने कोमट इस्त्री चालेल, झाडापासून दूर.

आम्लरहित पुठ्ठा घ्या, त्यावर पातळ सुती कापड चढवा आणि भरलेलं कापड त्यावर ताणून मागून मजबूत दोऱ्याने आधी उभं, मग आडवं विणल्यासारखं ओढून बांधा. गोंद, फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप यांतलं काहीही वापरू नका. काही वर्षांनी त्याचे पिवळे डाग पुढे येतात. काच भरावाला टेकता कामा नये. चौकटवाल्याला मध्ये पट्टी घालून किमान अर्धा सेंटिमीटर पोकळी ठेवायला सांगा.

थेट ऊन पडेल तिथे लावू नका, रेशमाचा रंग उडतो. स्वयंपाकघराजवळची भिंतही टाळा. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि दमटपणाने तांबं, म्हणून फ्रेमच्या मागे फोम किंवा रबर नको आणि जवळपास अत्तर-स्प्रे नको. उरलेली कलाबतू गुंडाळून ठेवताना रबरबँड लावू नका, मलमलच्या तुकड्यात ठेवा, शेजारी डांबरगोळ्या ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात चौकट बाहेरच्या ओल्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर हलवा आणि आठवड्यातून एकदा तिची मागची बाजू हाताने तपासा. ओल लागली असेल तर पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही.